बरणीतली पोवळी

आमच्या घाटंजीच्या घरात समुद्र होता. काचेच्या बरणीत मावेल एवढा, पण होता. खरा समुद्र पाहिलेली बाई आमच्या आळीत एकच, शेजारची मावशी. ती रामेश्वरला जाऊन आली होती आणि त्या एका यात्रेच्या भांडवलावर समुद्राबद्दल वाट्टेल ते ठोकून द्यायची. तिला खोटं पाडणार कोण? आम्ही कोणी वाघाडी नदीच्या पुरापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं.

बरणीत मिठाचं पाणी असायचं आणि त्या पाण्यात मायची पोवळ्यांची सर. काळी पोत तिच्या गळ्यातून कधी उतरत नसे. ही सर वेगळी होती, तिच्या आईने लग्नात घातलेली. घालताना सांगितलं होतं, पोवळ्यात नवऱ्याचा जीव असतो, रंग उतरायला लागला की आधी त्याच्याकडे पाहायचं. मायला एखादी गोष्ट एकदा सांगितली आणि ती तिने सोडून दिली, असं कधी झालं नाही. जिद्दीत ती कोणाला हार जायची नाही, आणि दुर्दैवाने मी तिच्यावरच गेले आहे.

मावशी म्हणाली, "पोवळं समुद्रात झाडावानी जितं असते बाई. कोरड्या गळ्यात ठेवलं तर मरन नाई तं काय?" झालं. तेव्हापासून रोज अंघोळीच्या वेळी सर उतरवायची, बरणीत सोडायची, बरणी खिडकीत उन्हाला ठेवायची आणि संध्याकाळी दिवा लावायच्या आधी गळ्यात परत घालायची. खडेमीठ पाण्यात विरघळेपर्यंत ती बोटाने ढवळायची आणि जिभेवर थेंब टेकवून पाहायची. समुद्र किती खारट असतो हे तिला कोण सांगणार होतं? डोळ्यांतल्या पाण्याएवढा असेल, असा तिचा अंदाज होता.

बाबा कापसाच्या जिनमध्ये कामाला होते. रुईच्या गाठी प्रेसमधून बांधून आल्या की पत्र्याचा साचा ठेवून त्यांच्यावर लाल रंगाने मार्का मारायचा, हे त्यांचं काम. हंगाम दिवाळीला सुरू व्हायचा आणि त्याच्यासोबत त्यांचा खोकलाही. घरी येत तेव्हा भुवया रुईच्या धुळीने पांढऱ्या असायच्या. खोकला होळीपर्यंत चालायचा आणि मग थांबायचा. बाजारात नवे पैसे चालू झाले, त्याच्या पुढच्या साली होळी झाली, पाडवा झाला, तरी तो थांबला नाही. त्यांचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबू लागला.

आणि त्याच सुमाराला पोवळ्यांचा रंग उतरू लागला.

आधी तकाकी गेली. मग लालाचा गुलाबी झाला आणि गुलाबीवर राखेसारखी पांढुरकी झाक आली. माय हादरली. तिने मीठ वाढवलं, मीठ कमी केलं, विहीर बदलली. शेवटी घरातल्या पितळी देवांना जे करायची तेच तिने पोवळ्यांना केलं. चिंच कोळून दर शनिवारी एकेक मणी घासायला लागली. पुढे कितीतरी वर्षांनी एका सोनाराने मला सांगितलं की आंबट लागलं की पोवळं झिजतं, त्याची कातडीच निघते. म्हणजे ती घाशी तसतसा रंग जाई, आणि रंग जाई तसतशी ती आणखी घाशी. तिच्या मनात ती नवरा वाचवत होती. आजही ते आठवलं की मला रडू येत नाही, संताप येतो, आणि कोणावर ते ठरत नाही.

बाबा खाटेला लागले. मायने रात्रीचं जेवण सोडलं. उपास म्हणून नाही, घास उतरतच नव्हता. मग एका दुपारी तिने पोवळ्यांची सर त्यांच्यासमोर धरली.

"पाहा. आता तरी पाहा. सोमवारी यवतमाळच्या दवाखान्यात जाचं. मी मोटारीचं इचारून आली."

"मी नाई येत."

"काहून?"

"माया भाऊ गेलता ना. आपल्या पायानं गेला अन् गाडीत झाकून आला."

ते खरं होतं. मोठे काका असाच खोकला घेऊन त्या दवाखान्यात गेले होते. पण माय हटली नाही. चादर धुतली, तांब्या घासला, गाठोडं बांधून दाराशी ठेवलं. क्षयावर तेव्हा सुया निघाल्या होत्या, यवतमाळला मिळत होत्या, आणि गावातला एक जण त्या घेऊन चांगला हिंडू-फिरू लागला होता. तो सोमवार म्हणजे आमच्या बाबांचं जगणं होतं. हे मी आज मोठी होऊन म्हणत नाही. ते मला तेव्हाही, दहा-अकरा वर्षांच्या वयात, स्वच्छ कळत होतं.

रविवारी संध्याकाळी माय सर घालायला खिडकीशी गेली, तर पोवळी लाल. लग्नातल्यासारखी लाल. तिने सर डोळ्यांना लावली, मावशीला हाक मारली, मावशीने गल्लीला. बाबा खाटेवरून हसले. "मी म्हनलं नोतं? उतार पडून राह्यला," ते म्हणाले. माय त्या रात्री पोटभर जेवली. दाराशी ठेवलेलं गाठोडं सुटलं आणि चादर परत त्यांच्याच अंगावर गेली.

पोवळी रंगवली होती बाबांनी. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण तुमच्यापासून लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही. गाठींवरच्या मार्क्याचा तोच लाल रंग. घासून घासून खरखरीत झालेल्या मण्यांनी तो अधाशासारखा पिऊन घेतला होता.

उन्हाळा चढला तसं बाबांना रक्त पडू लागलं. मग मायने कोणाला विचारलं नाही. शेजाऱ्यांची बैलगाडी जोडून घेतली, सडकेपर्यंत नेलं आणि त्यांना घातलं मोटारीत. दवाखान्यातले डॉक्टर चांगले होते, त्यांनी आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाले, की दोन महिने आधी आणायला हवं होतं. बाबांचं म्हणणं खरं ठरलं. ते गाडीत झाकूनच आले, फक्त पायाने गेले नव्हते एवढंच.

तेराव्याला प्रेसवरचे त्यांचे एक सोबती आले होते. मला जवळ घेऊन म्हणाले, "तुया बाहुलीले रंग पाहिजे म्हनत होता तुया बाप. मीच वाटीभर आनून देलता. रंगवली का मंग बाहुली?" माझ्याकडे बाहुली नव्हती. मी उठून मागच्या अंगणात गेले. सगळं एका क्षणात उलगडलं आणि मला माझ्या मेलेल्या बापाचा असा राग आला की मी विहिरीच्या कठड्यावर लाथ मारली. अंगठ्याचं नख गेलं. मायला मी काही सांगितलं नाही. तिच्या गळ्यातून पोत आणि सर दोन्ही उतरली होती, तिला आणखी काय द्यायचं?

माझं लग्न आर्णीला झालं. एकदा माहेरी आले होते. माय सुपात तूर पाखडत होती आणि मावशी, आता पार म्हातारी झालेली, ओसरीवर बसून पुन्हा त्या पोवळ्यांचा चमत्कार सांगत होती. मावशी घरी गेली तसा माझा बांध फुटला. सगळं सांगून टाकलं: वाटी, रंग, बाहुली. "फसवलं त्यायनं तुले," मी म्हणाले. "तो सोमवार खाल्ला त्यायनं."

मायचा हात थांबला नाही.

"मले मालूम होतं," ती म्हणाली.

"काय मालूम होतं?"

"दुसऱ्याच दिवशी बरनीतलं पानी गुलाबी झालतं. तू पाहाच्या आदी मी ते मोरीत ओतलं."

मी ओरडले. काय बोलले ते नीट आठवत नाही. मालूम होतं तर नेलं कायले नाई, कशासाठी जेवलीस, कशाला गल्ली गोळा केलीस, असंच काही. तिने मला पुरं बोलू दिलं. मग सूप खाली ठेवलं.

"त्या दिवसात त्यायले मोरीपर्यंत जाचं म्हनलं तं माया खांदा लागे. अन् तो मानूस कोनी नसताना एकटा उठला. खिडकीपर्यंत गेला. बसून एकेक मनी रंगवला, वाळवला, पुन्हा बरनीत सोडला अन् येऊन खाटीवर पडला. मले वाटलं, एवढं करता येते म्हंजे अंगात ताकद हाये अजून. बरे होऊन राह्यले."