फ्रिजच्या बाजूची भिंत

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला जी भिंत आहे, ती मी पूर्ण शुद्धीत, दिवसाढवळ्या, रंगाचे तीन हात देऊन पुसून टाकली. यात दुसऱ्या कोणाचं नाव घेता येत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

झालं असं, की आमच्या पल्लवीचं पहिलं बाळंतपण पुण्यातच करायचं ठरलं. डॉक्टर तिकडची, जावयाची नोकरी तिकडची. मग आमची ही, म्हणजे शोभा, तीन महिन्यांसाठी पुण्याला गेली. गोंदिया स्टेशनावर गाडी हलली तरी खिडकीतून तिच्या सूचना चालूच होत्या. मी तीस वर्षं बसस्टँडवर गाड्या सोडायचं काम केलं. पण गाडी सुटल्यावर मागे राहणाऱ्या माणसाचे पाय उचलत नाहीत, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

पहिले काही दिवस मी सवयीने दोन कप चहा मांडायचो. दुसरा कप शेजारच्या बिसेनभाऊंना. (राइस मिलमध्ये मिस्त्री होते, आता माझ्यासारखेच रिकामे.) चौथ्या दिवशी ते म्हणाले, "सरजी, वहिनी गेल्यापासून तुमी चाय जरा जास्तच पाजून राहिले. मले झोप नाही येऊन राहिली."

चहा बंद झाला, मग मी मोबाईल धरला. त्यात एक बाई आपलं घर आपणच सजवून दाखवायची. तिचं म्हणणं, घरातली एक भिंत निवडा, तिला वेगळा रंग द्या, घराचा जीव बदलतो. आमच्या घराचा जीव तर पुण्याला गेला होता. तो परत येईल तेव्हा स्वयंपाकघरात पाऊल टाकताच थक्क झाला पाहिजे, असं मी मनाशी ठरवलं.

भिंत निवडायला वेळ लागला नाही. फ्रिजच्या बाजूची भिंत घरात सगळ्यांत कळकट होती. वीस वर्षांत तिला रंग लागला नव्हता. मागच्या वेळी पेंटर आला, तेव्हाही शोभाने ती एक भिंत सोडायला लावली होती. मला वाटलं होतं, काटकसर.

बाजारात रंगवाल्याने माझ्यासमोर शेडकार्ड पसरलं. मी मोरपंखी रंगावर बोट ठेवलं.

"बढिया चॉइस है, अंकल. पेंटर भेज दूँ?"

"नही. मैं खुद करूँगा."

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि रोलरबरोबर एक जुनं बॅनर फुकट दिलं. "नीचे बिछा लेना," म्हणाला. मी ते फ्रिजवर टाकलं. (फ्रिज वाचला. फरशीवर आजही मोरपंखी पावलं आहेत, माप माझंच.)

कार्डावर मोरपंखी दिसणारा रंग भिंतीवर दवाखान्यासारखा दिसायला लागला. त्याखालून भिंतीवरची पेन्सिलची गिचमीडही दिसत होती. म्हणून दुसरा हात दिला. तरी दिसतच होती. तिसरा हात दिला, तेव्हा कुठे ती दिसेनाशी झाली. खांदा दोन दिवस वर जात नव्हता, पण भिंतीकडे पाहिलं की छाती फुगायची.

आठवड्याभरात पल्लवीला मुलगी झाली. मी कॉलनीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी शोभाचा फोन आला.

"अहो, लाडू करून राहिली मी पल्लवीसाठी. डिंकाचे. आईनं माप सांगितलं होतं ना जाऊबाईच्या बाळंतपणात, ते फ्रिजच्या बाजूच्या भितीवर लिहून आहे. जरा वाचून सांगा."

मी भिंतीकडे पाहिलं. भिंत अत्यंत स्वच्छ होती.

"ऐकून राहिले ना?"

"लाईट गेली इथं," मी म्हणालो.

"सकाळचे दहा वाजले. लाईट कायले पाहिजे?"

"चष्मा सापडून नाही राहिला."

"डोक्यावर पाहा."

चष्मा डोक्यावरच होता. आता मला काहीतरी वाचणं भाग होतं. म्हणून मी धाडस केलं. "मेथी... अर्धा किलो."



"अर्धा किलो? पोरीले लाडू चारायचे आहेत का विष?"

"पेन्सिल पुसट झाली आहे," मी म्हणालो. "नीट पाहून उद्या सांगतो."

फोन ठेवून मी बिसेनभाऊंना बोलावलं. त्यांनी भिंतीवर टिचकी मारली, कान लावला, आणि पॉलिशपेपर आणायला सांगितला. "एकेक हात काढत जाऊ. तीन हात निघाले का लिहिलेलं हजर." पहिला हात निघाला. दुसराही निघाला. तिसरा निघाला, तो विटकर दिसेपर्यंत प्लास्टर सोबत घेऊनच. तळहाताएवढ्या खड्ड्याच्या काठावर एकच अक्षर वाचलं होतं: 'सुं'. ते लाडवातल्या सुंठीचं होतं का जन्माष्टमीच्या सुंठवड्याचं, यावर आम्ही दोघांनी अर्धा तास विचार केला.

"सरजी," शेवटी बिसेनभाऊ म्हणाले, "वहिनीच्या आईले विचारा ना सरळ."

"त्या जाऊन सहा वर्षं झाली."

बिसेनभाऊ पॉलिशपेपर खाली ठेवून उगीच हात झटकत राहिले. आपण काय पुसलं आहे, ते मला तेव्हा खरं कळलं. सासूबाई फोनवर सांगत होत्या आणि ही एका हाताने फोन धरून, दुसऱ्या हाताने भिंतीवर लिहीत होती. मी तेव्हा तिथंच बसून जेवत होतो, आणि भाजीत मीठ कमी आहे, असं म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने सालेकशाला गेलो. तिथून ऑटोने शोभाच्या मावशीच्या गावी. मावशी ऐंशीच्या पुढची. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, ती राखत बसली होती. मी सगळं कबूल केलं. ती बिनदातांचं हसली.

"माप शोभीले पाहिजे राहे, जावई. आमी दोघी बहिणी तं मुठीनंच करो."

"मग मुठीनं सांगा."

"सांगून काय होते? मूठ पाहा."

मग मावशीने डब्यांतून मेथी, सुंठ, डिंक, एकेक जिन्नस आपल्या मुठीने काढला, आणि मी प्रत्येकाची वेगळी पुडी बांधली. गोंदियाला परतल्यावर स्टेशनावरून सरळ किराणा दुकानात गेलो आणि पुड्या काट्यावर ठेवल्या. दुकानदाराला वाटलं, मी विकायला आलो आहे.

घरी येऊन शोभाला फोन लावला. भिंतीचं सांगितलं, खड्ड्याचं सांगितलं, मावशीचं सांगितलं. ती रागावेल, याची तयारी होती. पण ती रागावलीच नाही, आणि त्याची तयारी मी केली नव्हती.

"आईचा आवाज ऐकत ऐकत लिहिलं होतं मी ते," एवढंच म्हणाली. मागे बाळ रडत होतं. मग म्हणाली, "मेथी किती निघाली?"

मी वजन सांगितलं.

"हो. आईपण तेवढीच म्हणे." मग तिने विचारलं, "जेवले काय तुमी?"

तीन महिन्यांनी ती परत आली. मी खड्डा बुजवून त्यावर चौथा हात दिला होता. तिने बॅग ठेवली, भिंतीसमोर उभी राहिली, तळहात फिरवला. "चांगला दिसते रंग," म्हणाली. बुजवलेल्या जागी तिचा हात जरा थांबला.

आता सगळं जिथल्या तिथं आलं, असं मला वाटलं. पण ती त्या भिंतीवर काही लिहीच ना. दूधवाल्याचा नंबर कॅलेंडरच्या मागे, लोणच्याचं प्रमाण वहीत. भिंत दिवसभर चकचकीत आणि मुकी उभी. मला ती बघवेना. एके दिवशी गॅसवाल्याने नवा नंबर दिला. शोभा आंघोळीला गेली होती. मी पेन्सिल घेतली आणि फ्रिजच्या बाजूला, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, ठळक अक्षरांत लिहून टाकला. वाटलं, सुरुवात आपणच करून द्यावी.

ती केस पुसत आली आणि थबकली.

"एवढा चांगला रंग देला, अन् त्याच्यावर लिहून राहिले? या वयात? पुसा आधी ते."

मी मुकाट्याने खोडरबर शोधायला गेलो. तो घरात कुठे असतो, तेही तिलाच विचारावं लागलं.