कौल मिळालेली गोळी

रक्त मी प्रयोगशाळेत पाठवून द्यायची, किस्से मात्र माझ्याकडेच साठत गेले. गोवा नुकतं राज्य झालं होतं आणि डिचोलीत कोलेस्टेरॉल बघणारी मी एकटीच डॉक्टरीण. रोगी येत ते गोळीसाठी नव्हे, बहुधा माझी करमणूक करायलाच येत असावेत!

*

रक्त द्यायला काही न खाता यायचं, हे मी घसा फुटेस्तोवर सांगायची. पाळीच्या खाणीवर ट्रक चालवणारा आनंद आला. मूळचा दोडामार्गकडचा.

"काही खाल्लं नाहीस ना?"

"नाय, डॉक्टरांनू. चाय नि दोन उंडे, तेवढेच."

"अरे, मग खाल्लंस की!"

"पाववालो पोदेर गरम उंडे घेवन दारात इलो, तर तेका परत कसो धाडू? आणि शीत-कडी खाय नाय तोवर खाल्लंय असा आमी म्हणणव नाय."

मी सुई खाली ठेवली. उद्या ये म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो एकच उंडा खाऊन आला. माझ्या शब्दाला मान दिला म्हणे!

*

हसत होते खरी, पण आनंदची मला भीती वाटायची. त्याचे वडील छाती धरून गेले, थोरला भाऊ तर तिशीतच. आनंदच्या घोट्यामागे चरबीच्या पिवळट गाठी. घराण्याचं दुखणं. त्याचं कोलेस्टेरॉल खाली आणायचंच, असा मी हट्ट धरला होता.

त्याच्या बायकोला, सुमतीला, बोलावून सांगितलं, "ह्याच्या कालवणात खोबरं घालू नकोस." पोर गुणाची. तिनं नवऱ्याची हंडीच वेगळी केली.

हंडी वेगळी म्हणजे चूल वेगळी, आणि चूल वेगळी म्हणजे घर मोडलं! शेजारणीनं गावी निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी आनंदचे काका चार जाणती माणसं घेऊन हजर. नवरा-बायकोला समोरासमोर बसवलं, समजावलं. भांडण नव्हतंच, त्यामुळे मिटायला वेळ लागला नाही. मग मिटल्याच्या आनंदात कोंबडा कापला, वडे तळले आणि सगळे एकाच हंडीतलं जेवले.

त्या आठवड्यात आनंदचा आकडा आमच्या दवाखान्यात सगळ्यांत वर गेला.

*

पुढे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या एका नव्या गोळीचा अभ्यास आमच्याकडे आला. संमतीपत्र मराठीत काढायचं की कोकणीत, यावरून बाहेरच्या बाकड्यावर दोन तट पडले. राजभाषेचा वाद तेव्हा ताजाच होता. मी दोन्ही भाषांत काढलं, तर वर कुठली आणि खाली कुठली यावरून जुंपली. शेवटी वैतागून मी सुयाच बाहेर काढल्या.

सुई टोचली तशी दोन्ही तटांनी आई एकाच भाषेत आठवली. "आवय गे!"

*

ह्या अभ्यासाची रीत अशी, की कुणाच्या बाटलीत खरी गोळी आणि कुणाच्या बाटलीत नुसती भुकटी, हे रोग्यालाही सांगायचं नाही आणि डॉक्टरलाही नाही. आनंद चक्रावला.

"माका ठाव नाय, तुमका ठाव नाय. मगे कोणाक तरी इचारूक व्हया."

तो बाटली घेऊन थेट देवळात गेला. आमच्याकडे लग्न असो, विहीर असो, देवाला विचारल्याशिवाय होत नाही. भटजी मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणं घालतात. उजवी पाकळी पडली तर होकार.

उजवी पडली. आनंद खुशीत अभ्यासात आला. वेळच्या वेळी बाटली रिकामी करून आणायचा. पण आकडा काही हलेना. मी मनात म्हटलं, गेलं, ह्याच्या नशिबी भुकटी आली.

अभ्यास संपला, गुपित उघडलं. खरी गोळी ज्यांना होती, त्यांना ती पुढेही मिळणार होती. आनंदची गोळी खरी होती!

*

मी तडक पाळीला आनंदच्या घरी गेले. दिवेलागण झालेली. सुमतीनं देवापुढे बाटली ठेवली, हात जोडले, एक गोळी काढली आणि अडकित्त्यानं तिचे तुकडे केले. एक सासूला, एक शेजारणीला, एक ट्रकच्या क्लीनरला. एक तुळशीच्या पानावर बाजूला काढून ठेवला. मला वाटलं, नैवेद्य असेल. उरलेला चुरा आनंदला.

"अरे, हे काय चाललंय?"

"देवान कौल दिल्यान, म्हणजे परसाद झालो," आनंद म्हणाला. "परसाद एकट्यान कसो खावचो?"

आणि एक कण माझ्याही तळहातावर ठेवला. प्रसाद नाकारता येतो होय? खाल्ला.

*

शास्त्र सांगून झालं, रागावून झालं. आनंद ऐकेना. शेवटी मी, नवससायास न मानणारी बाई, त्याला घेऊन देवळात गेले. भटजींना म्हटलं, "विचारा देवाला. आजपासून ही गोळी ह्यानं एकट्यानंच अख्खी खावी का?"

भटजींनी पाकळ्या लावल्या, पण गाऱ्हाणं घालताना आज त्यांचा आवाज जरा पडलेला वाटला. मी पाकळ्यांवरून नजर हलवली नाही. डावी पडली तर हा पोरगा भावाच्या वाटेनं जाणार होता. आयुष्यात कुठल्याही रिपोर्टाची मी एवढी वाट पाहिली नसेल.

उजवी पडली. सुमतीनं डोळ्यांना पदर लावला. आनंदनं मूर्तीपुढे डोकं टेकलं आणि गोळी अख्खी गिळली.

भटजी पाकळ्या गोळा करत बराच वेळ घुटमळले. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले,

"डॉक्टरबाई, मग आतां म्हज्या वांट्याच्या तुकड्याचें कितें?"