एक जूनला जन्मलेल्या बाया

माझा जन्म भाताच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या दिवसांतला. आई चिखलाच्या बांधीतून, भाताच्या खाचरातून उठून घरी आली आणि मी झाले. शाळेत गुरुजींनी मात्र एक जून लिहिलं. जूनमध्ये आमच्या नागभीडकडे रोवणा कोण करतं? पण गुरुजींना विचारणार कोण! आमचा अख्खा वर्गच एक जूनचा.

पुढे मी चंद्रपुरात वनोपज विकत घेणाऱ्या एका कंपनीत डेटा विभागाची प्रमुख झाले. काय तो तोरा! गळ्यातलं ओळखपत्र जेवतानाही काढत नसे. ते वरणात बुडायचं. एक जूनचा केक स्वतःच मागवायची आणि मेणबत्ती विझवताना डोळे असे मिटायची, जणू आई त्याच दिवशी बांधीतून उठली होती. हे सांगितलं की नात लोळून हसते.

एका वर्षी मी पुण्याला गेलेली असताना मालकाच्या मुलानं बाहेरून एक सॉफ्टवेअर आणलं. काम काय, तर डुप्लिकेट माणसं शोधायची. आडनाव, गाव आणि जन्माचा दिवस जुळला की दोघांचं एक करायचं. पहिलं नाव आणि साल लोक चुकीचं सांगतात, म्हणून ते बघायचंच नाही. ते त्यानं एटापल्लीकडच्या मोहफुलं विकणाऱ्या बायांवर चालवलं. तिकडे गावभर एकच आडनाव, आणि गुरुजींची आवडती तारीखही तीच. ज्या कार्डावर बाया माल विकायच्या, त्यात गावंच्या गावं एकेका कार्डावर आली, बाकीची कार्डं बंद. तेही मोह पडायच्या ऐन दिवसांत.

खरेदी केंद्रावरून एका बाईचा फोन आला. "बाई, सेंटरवाला म्हणते, तुमचं कार्ड जावेच्या कार्डात गेलं. काऊन जी? मी अन् माही जाऊ एकच का?"

मी परत येताच मीटिंग बोलावली, मोठ्या मालकांनाही बसवलं. मुलगा हसत म्हणाला, "मॅडम, सगळ्या बोगस होत्या. आपण सफाई केली."

सफाई! माझ्या अंगाची आग झाली. मी टीमला सांगितलं, हेच नियम आत्ता, इथंच, कंपनीच्या आपल्या माणसांवर लावा. पडद्यावर निकाल आला. मोठे मालक आणि गोदामावरचा त्यांचा चुलतभाऊ एकच माणूस निघाले. मालकांचं नाव बंद.

म्हातारा उठून उभाच राहिला. "मले काऊन बंद केलं बे?"

"बाबा, तुमचं वेगळं आहे."

"वेगळं काऊन?" मी टेबलावर हात आपटला. "तुमचा बाप एक जूनचा चालते, अन् त्या बाया बोगस?"

कार्डं उघडली, पण तोवर मोह सरला होता. बायांनी टोपल्या केव्हाच माघारी नेल्या होत्या आणि व्यापाऱ्यानं म्हटलेल्या भावात ओतल्या होत्या. माफी कोणी मागितली नाही. मुलानं अहवालात 'तांत्रिक अडचण' लिहिलं.

त्या बाईला सांगायला मीच गेले. तिनं चहा पाजला आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी मी येऊ का माही जाऊ, तेवढं मशीनीले विचारून ठेवा जी."

मी निवृत्त झाले, राग निवृत्त झाला नाही. दर एक जूनला कंपनीचा वाढदिवसाच्या शुभेच्छांचा संदेश आपोआप येतो. मी दर वेळी उलट लिहिते, 'आमच्यापैकी कोणाले?'

उत्तर अजून आलेलं नाही.