पाणचक्कीमागची मोटार
परवा माळ्यावर रॉकेलचा जुना डबा सापडला आणि झाकण उघडताच त्या वासानं मला थेट पाणचक्कीच्या हौदाकाठी नेलं. पोहे खाऊन झाले होते, मला मुलगी पसंत होती, तिच्या घरचा होकार मात्र बाकी होता, म्हणून दोन्हीकडची माणसं फिरायला आली होती. मी तेव्हा नवाकोरा इंजिनियर. उंच भिंतीवरून कोसळणाऱ्या पाण्याकडे बोट दाखवत मी गंगापूरहून आलेल्या तिच्या आईला सुनावलं, "मावशी, पाणी आपोआप वर चढत नसतं. मागं मोटार लपवलेली असणार. पुढच्या जमान्यात तर सगळं मोटारीवरच चालणार!" "व्हय का? दावा की मग," त्या म्हणाल्या. सगळ्यांची वरात मागं घेऊन मी भिंतीला दोन चकरा मारल्या. मोटार सापडेना. "पाणी लांबच्या डोंगरातून येतं ना? मग त्याचा उगम या भिंतीहून उंचच असंल," मावशी म्हणाल्या. "म्या डब्यातलं रॉकेल नळीनं काढते. एकदा तोंडानं वढलं, की काठ चढून आपसूक खाली येतंय. त्याला कुठली मोटार?" मुलगी रुमालाआड हसली. स्थळ तर हातचं गेलंच, मग आता लाजायचं कशाला, म्हणून मीही खो खो हसत सुटलो. तेवढ्यात मावशी नवऱ्याला म्हणाल्या, "शिकलेलं हाय, पण चुकल्यावर हसतंय. देऊन टाका." आता पुंडलिकनगरच्या घरात माझी मोटार फोनवरून चालते. वीज गेली, की बायको गच्चीवरच्या ड्रममध्ये नळी सोडते आणि दुसरं टोक माझ्यापुढं धरते, "ओढा, इंजिनियरसाहेब."