बाराव्याला दिलेली सायकल

गंगेकाठच्या दूधविनायक मोहल्ल्यातले बिंदुमाधवशास्त्री पावगी पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवायचे. भारी वाद घालणारा माणूस. भाजीवालीशी घासाघीस करायची तरी आधी तिची बाजू मांडून घ्यायचे आणि मग ती खोडून काढायचे. असा माणूस चुकला म्हणजे साधासुधा चुकत नाही, चांगला मुद्देसूद चुकतो. शहाण्णव साली ते तसे चुकले, आणि तेही एका सायकलीपायी.

त्यांचा एकुलता एक मुलगा निनाद ऐन तेविशीत विषमज्वरानं गेला. मागे राहिली त्याची सायकल, डोंगरात चालवायची, जाड टायरांची, परदेशी. मंगला गौरीच्या देवळापाशी भाड्यानं राहणारा एक अमेरिकन अभ्यासक मायदेशी जाताना ती त्याला देऊन गेला होता. तेव्हाच ती पार जुनी झालेली. "बाबा, हिला नवे गिअर, नवे ब्रेक घातले ना, की मग बघाच तुम्ही," असं पोरगा उठता-बसता म्हणायचा. शास्त्रीबुवा शेजारी पाना धरून बसायचे आणि म्हणायचे, "आधी परीक्षा पास हो." आता ते आठवलं की त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटे.

बाराव्याला, गेलेल्या माणसाच्या नावानं शय्यादान करतात. गादी, छत्री, जोडे, जे द्यावं ते त्याला पुढच्या वाटेवर मिळतं. ती वाट वर्षभराची, वर्षश्राद्धाला तो पोचतो. निनादच्या आईनं, पद्माताईंनी, सायकल पुढे केली. "त्याला चालायची सवय कुठाय? सायकलनं जाऊ दे माझ्या बाळाला." दान घेणारा महापात्र ती हातानं ढकलत घेऊन गेला. मागच्या चाकाची टिकटिक गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू आली; तोवर शास्त्रीबुवा दारातून हलले नाहीत.

आठवडाही निघाला नाही. बायकोला न सांगता ते महापात्राकडे गेले आणि सायकल परत मागितली. त्यानं खळखळ केली नाही. एवढंच म्हणाला, "ले जाइए पंडितजी. लेकिन वो तो पैदल रह गया न?"

अहो, दिलेलं दान परत आणलं! आणि तेही शास्त्र्यानं! दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर यांनीच त्याला उभा-आडवा झोडपला असता. पण स्वतःसाठी त्यांनी तोड काढली. दिलेली वस्तू ठेवणं पाप, कबूल. पण तिचा एकेक भाग बदलून नवा घातला, आणि जुना गंगेत सोडला, तर ती दिलेली वस्तू राहिलीच कुठे? शिवाय पोराची हौसही पुरी होईल. मंगला गौरीजवळ त्यांनी एक कोठडी घेतली, घरी पारायणाला जातो म्हणून सांगितलं आणि निनादच्या दिल्लीच्या मित्राकडून सामान मागवलं.

आधी चाकं आली. शास्त्रीबुवांनी नवी बसवली आणि जुनी भर दुपारी पंचगंगा घाटावर नेऊन गंगेत सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पद्माताई चहा गाळता गाळता म्हणाल्या, "अहो, निनाद स्वप्नात आला होता. गंगेपलीकडच्या रेतीवर होता. रोज नुसता चालताना दिसतो, आज दोन्ही हातांनी दोन चाकं लोटत होता."

शास्त्रीबुवांनी कपबशी खाली ठेवली. "मनाचे खेळ," ते म्हणाले.

मग गिअर आले, अंगठ्यानं खटकन पडणारे. साखळी आली, लांब हातांचे ब्रेक आले. जुनं सगळं गंगेत गेलं. पद्माताईंना सायकलीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सकाळी त्या सांगत, "आज त्याच्या गळ्यात साखळी होती, आणि हातात एकाला एक जोडलेल्या तीन दातेरी चकत्या." शॉकअप असलेला पुढच्या चाकाचा चिमटा बसवला, जुना सोडला, की तोही रेतीवर हजर. शास्त्रीबुवांना धडकी भरायची. पण खरं सांगायचं तर सकाळ कधी होते याची ते वाटही बघू लागले होते. काय दिसलं, कसा दिसला, वाळलाय का, सगळं खोदून खोदून विचारायचे. मेलेल्या पोराची रोज खुशाली कळत होती, आणखी काय हवं होतं त्यांना?

हिवाळा सरला. वर्षश्राद्ध तोंडावर आलं. कोठडीतली सायकल झकास झाली होती. जुनी उरली होती फक्त फ्रेम. ती तेवढी ठेवायची असं त्यांचं ठरलं होतं. निनादनं पुसून पुसून गुळगुळीत केलेली नळी होती ती.

त्या सकाळी पद्माताईंनी चहा केलाच नाही. पदरानं डोळे पुसत बसल्या होत्या. "सगळं सामान रेतीवर मांडून ठेवलंय त्यानं. चाकं दोन बाजूंना, वर हँडल. मधली जागा मोकळी. आणि शेजारी बसून आपल्या घाटाकडे बघतोय. बोलत नाही, रडत नाही, नुसता बघतोय हो. वर्ष भरत आलं, पोर पोचणार कधी? त्याला काय कमी पडलंय, तुम्हाला ठाऊक आहे का?"

"मला काय ठाऊक," शास्त्रीबुवा म्हणाले.

ते उठून कोठडीत गेले. नवं सामान एकेक करून उतरवलं. फ्रेम छातीशी धरून बराच वेळ बसले, मग नाव केली. मधल्या धारेत नावाड्यानं वल्ही थांबवली. फ्रेम पाण्याला टेकली तरी त्यांचा हात सुटेना. "छोड़ दीजिए, बाबूजी," नावाडी म्हणाला, तेव्हा त्यांनी सोडली.

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली तरी पद्माताई झोपलेल्या. शास्त्रीबुवा उशाशी बसून होते. बायकोनं डोळे उघडताच त्यांनी विचारलं, "काय दिसलं?"

"काही नाही हो. किती दिवसांनी अशी गाढ झोप लागली."

"रेती?"

"रेतीही नाही."

"लांबवर? जाताना? पाठमोरा तरी?"

पद्माताईंनी नकारार्थी मान हलवली. शास्त्रीबुवांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि लहान मुलासारखे म्हणाले, "जरा पुन्हा झोप ना. एकदाच बघ."