रामनामाचे गोळे

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या दूधविनायकाच्या गल्लीत राहत नाही — उद्या भाजीच्या ठेल्यापाशी तुमची-माझी गाठ पडायची नाही.

मला शिकारीचा नाद आहे. बंदूक वगैरे नाही हो — गळ टाकून मासे धरायचा. भिक्षुकाच्या घरात जन्मलेला, शाळेत संस्कृत शिकवणारा माणूस, आणि हा नाद. मासा मी खात नाही. पंचक्रोशीच्या वाटेवर एक जुना तलाव आहे, तिथला राखणदार रामधनी तो घरी नेतो. मग मला काय मिळतं? दोरी ताणली जाते, तेव्हा छातीत काहीतरी लख्खकन हलतं. तेवढंच.

आणि खरं सांगू? त्याहून मला आवडतात ते बंदीचे महिने. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, दसऱ्यापर्यंत गळ पाण्यात घालायचा नाही. तेव्हा नुसती तयारी — गळांना धार लावायची, दोरी तपासायची, आणि रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी चारा टाकायचा. माशांना जागेची सवय लागली पाहिजे, माणसाचा भरवसा वाटला पाहिजे. अर्धी शिकार तिथेच होते.

त्या वर्षी दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, किडन्या गेल्या. वहिनींनी चातुर्मासात नेम धरला — रोज एकशे आठ चिठ्ठ्यांवर रामनाम लिहायचं, एकेक चिठ्ठी कणकेच्या गोळ्यात घालायची आणि ते गोळे गंगेतल्या माशांना खाऊ घालायचे. कार्तिकी एकादशीपर्यंत. गुडघ्यांमुळे त्यांना घाट उतरवेना. म्हणाल्या, "भाऊजी, एवढं तुम्ही नेऊन घाला. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

बालाजी घाट घरापासून पाच मिनिटांवर. मी डबा घेतला, स्कूटर काढली आणि — तलावावर गेलो. गंगेला पूर आहे, पायऱ्या बुडाल्यात, असं स्वतःला सांगितलं. पूर ओसरला तरी तलावावरच गेलो. रोजचा आयता चारा, तोही इतका छान मळलेला. रामधनी एकदा हसून म्हणाला, "मास्टरसाहब, अब त मछरी आपके चीन्हे लगल हौ." खरंच मासे मला ओळखायला लागले होते. पायरीवर माझी सावली पडली की पाणी हलायचं.

एवढंच असतं तर? तर आज मी बोललोच नसतो.

दसरा झाला. वहिनींचा नेम अजून चालू होता, आणि माझा हंगाम उघडला. मी त्यांचाच गोळा गळाला लावला. आतली चिठ्ठी काढून खिशात ठेवली — तेवढी लाज होती म्हणायची. मासा निःशंक आला. असे कितीतरी आले, पार एकादशीपर्यंत. इकडे दादा डायलिसिसहून येऊन भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा, आणि मी — सुखात होतो. याला दुसरा शब्द नाही.

मार्गशीर्षात दादा गेला. त्याला मणिकर्णिकेवर मीच अग्नी दिला. गोळ्यांमुळे तो गेला असं मी मानत नाही, इतका काही मी भोळा नाही. पण तेराव्यानंतर एका दुपारी वहिनींनी विचारलं, "भाऊजी, नेमात माझं काय चुकलं असेल हो?"

सांगायची हीच वेळ होती. आणि मी काय केलं? गप्प राहिलो असतो, तरी एक वेळ ठीक होतं. मी म्हणालो, "घाईत एखादी चिठ्ठी राहिली असेल, वहिनी. होतं असं."

त्यांनी फक्त मान हलवली.

याला सहा वर्षं झाली. वहिनींनी नेम सोडलेला नाही, आता तो दादाच्या सद्गतीसाठी असतो. डबा माझी बायको घाटावर नेते. सकाळची कामं उरकली की वहिनी चिठ्ठ्या मोजायला बसतात. एकदा मोजून त्यांचं समाधान होत नाही — तीनदा मोजतात, मोठ्यानं. मध्येच आकडा चुकला तर पुन्हा एकपासून. मी पलीकडच्या खोलीत मुलांच्या वह्या तपासत असतो. मला सगळं ऐकू येतं.