पेरूची हजामत

आमचे बाबा न्हावी. जन्मभर लोकांची डोकी हाताखालून घातली, पण झाडाला कधी बोट लावलं नव्हतं. अंगणातले दोन पेरू आईचे. पाणी तीच घालायची, बोलायचीही तीच, आणि तिच्या लाडाने दोघेही चांगलेच माजले होते.

मग आई न्हाणीघरात घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण आई काही उठेना. डॉक्टर म्हणाले, रोज खुर्चीत बसलंच पाहिजे, नाहीतर कायमचं अंथरूण. आईचं एकच पालुपद, "बसून बघायचं काय? पानंच ना?" खिडकीवर पेरूंनी खरंच असा अंधार केला होता की भर दुपारी दिवा लावावा लागे. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची आणि बाबांचा जीव तीळ तीळ तुटायचा.

एका सुटीच्या दिवशी सकाळीच त्यांनी शिडी लावली.

"बाबा, छाटणीला माणूस बोलावू या की," मी म्हटलं.

"माणूस कशाला? मी आयुष्यभर काय केलं?"

"केस कापलेत!"

"मग? वाढलेलंच कापायचं ना?"

कप्पाळ! दुकानातली कात्री पहिल्याच डहाळीला मोडली, तेव्हा शेजारच्या सुताराकडून करवत आली. बाबा कापायचे, उतरायचे, लांब जाऊन मान तिरकी करून बघायचे, पुन्हा चढायचे. दोन्ही बाजू सारख्या, शेंडा गोल. दुपारपर्यंत पेरू लग्नाला निघाल्यासारखे दिसायला लागले. येणारे-जाणारे थांबून वाहवा करत होते आणि बाबा शिडीवरूनच मान डोलवत होते.

आत येऊन त्यांनी आईला विचारलं, "कसं झालंय?"

"छान," आई म्हणाली. भिंतीकडे बघूनच.

आरशात न बघता 'छान' म्हणणारं गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही, हे बाबांना पक्कं ठाऊक. त्यांचा चेहरा उतरला. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी खिडकीकडे पाहिलं. अंधार होता तसाच. वरवरची पानं गेली होती, आतला फांद्यांचा गुंता जागच्या जागी होता. "मी रस्त्यावरच्या लोकांसाठीच कापलं की गं," ते मला हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाबा झाडाच्या पोटात शिरले. खिडकीतून फांदी दाखवायचं काम माझ्याकडे.

"ती डावीकडची, बाबा! नाही, तिच्या खालची!"

"कोणाच्या डावीकडची?" बाबा ओरडले आणि त्यांनी भलतीच धरली.

तेवढ्यात माझ्या पाठीमागून, खिडकीकडे मान वळवून आई कडाडली, "अगं, ती नव्हे! तिलाच तर फळं धरतात! तुम्हा बापलेकींना काही कळतं का? उठव मला."

कण्हत, मला चार शब्द सुनावत ती खुर्चीत बसली आणि तिथून हुकूम सोडायला लागली. ती जाडी काढा. ती दुसरीला घासतेय, तीही काढा. बाबा मुकाट्याने कापत होते. हळूहळू खोलीत ऊन आलं, मग फाटक दिसलं, मग फाटकापलीकडची शेजारीण दिसली. आईने तिला हाक मारून उलट तिचीच तब्येत विचारली.

"आता ती आडवी तेवढी राहिली," आई म्हणाली. "काढून टाका."

"उद्या," बाबा शिडीवरून उतरत म्हणाले. "हात दुखायला लागले."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. गर्दीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभं राहणारा हा माणूस! अर्धवट कापलेल्या डोक्याने एकाही गिऱ्हाइकाला त्यांनी खुर्चीतून उठू दिलं नव्हतं. मला एकदम रडू आलं.

"एका फांदीने काय हात मोडणार होते?" आई कुरकुरली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उद्या मला लवकर बसव गं. ह्यांच्यावर काही सोडून चालायचं नाही."

बाबा करवत पुसत राहिले. माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.